पुढचं चुकीचं उत्तर

"बाई, एक चतुर्थांश मोठा. चार मोठा ना तीनपेक्षा, म्हणून."

तिसऱ्या बाकावरचा मुलगा उभा राहून ठामपणे बोलला. सराव पाठाची पंधराएक मिनिटं झाली होती. मी नेहमीसारखी वर्गाच्या अगदी मागे, भिंतीला लागून असलेल्या बाकावर, मांडीवर निरीक्षणाचा तक्ता घेऊन बसले होते. शिकवणारी छात्राध्यापिका, म्हणजे शिक्षक होण्याचं शिक्षण घेणारी विद्यार्थिनी, तेवीस वर्षांची. त्या क्षणी काय व्हायला हवं हे मला पाठ होतं, कारण तिच्या पाठ टाचणावर, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यावर, सही माझीच होती. 'अपेक्षित उत्तर: एक तृतीयांश मोठा.' त्यानंतर फळ्यावर नियम, दोन उदाहरणं, मूल्यमापनाचे प्रश्न आणि शेवटी स्वाध्याय.

ती थांबली. टेबलावरची वही उचलून तिनं एक पान फाडलं, त्याच्या दोन सारख्या पट्ट्या केल्या आणि त्या मुलाच्या बाकापाशी गेली. एक पट्टी चार सारख्या भागांत दुमडायला तिनं त्यालाच सांगितलं. ते सोपं गेलं. अर्धी घडी, तिची पुन्हा अर्धी. दुसरीचे तीन भाग मात्र काही केल्या सारखे होईनात. एक भाग लहान, एक मोठा. त्यानं घडी मोडली, परत घातली, परत मोडली. शेजारचा मुलगा वाकून मदत करायला लागला. ती नुसती उभी होती. तिचे हात पट्टीकडे गेले नाहीत, हे मला अजून आठवतं.

घडी जमली. त्यानं दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि चार भागांच्या पट्टीवर बोट ठेवलं. "हीच मोठी. हिचे तुकडे जास्त आहेत."

आता ती उत्तर सांगून मोकळी होणार, असं मला वाटलं. मी असते तर तेच केलं असतं. तिनं विचारलं, "तुला एकच तुकडा मिळणार आहे. कुठल्या पट्टीतला घेशील?"

तो बघत राहिला. मग त्यानं एका पट्टीचा एक तुकडा फाडला, दुसरीचा एक फाडला आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून बोटानं कडा जुळवून पाहिल्या. "अरे, जास्त तुकडे केले की तुकडा लहान होतो," तो म्हणाला. हे त्यानं बाईंना सांगितलं नाही, शेजारच्याला सांगितलं. मागच्या दोन-तीन बाकांवर लगेच पट्ट्या फाडण्याचं काम सुरू झालं. कुणीतरी विचारलं, "मग एक दशांश तर केवढासा असेल?" आणि घंटा झाली.

फळ्यावर नियम आला नव्हता. मूल्यमापन राहिलं होतं, स्वाध्याय दिलेला नव्हता. माझ्या मांडीवरच्या पडताळा सूचीत सज्जता प्रवर्तन (मुलांना विषयाकडे वळवणं), हेतुकथन (आज काय शिकायचं ते सांगणं), फळ्याचा वापर, प्रश्नांचं वितरण, समारोप, वेळेचं नियोजन असे एकेक रकाने होते. मी प्रामाणिकपणे भरले. बेरीज आली पन्नासपैकी ३१.

त्याच दिवशी दुपारी मी आणखी एक पाठ पाहिला. छात्राध्यापक आवाजाला खणखणीत, अक्षर सुरेख, टाचणातलं प्रत्येक पाऊल ज्या मिनिटाला यायचं त्याच मिनिटाला आलं. एका मुलीनं चुकीचं उत्तर दिलं तेव्हा तो म्हणाला, "चूक. बस. दुसरं कोण सांगेल?" दुसऱ्यानं बरोबर सांगितलं, पाठ पुढे गेला. ती मुलगी उरलेला सगळा तास वहीच्या कोपऱ्यात रेघा मारत होती. त्या पाठाला मी ४२ गुण दिले. तेही प्रामाणिकपणेच.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. "मॅडम, माझं काय चुकलं?" मी सांगितलं, "वेळेचं नियोजन." ती मान हलवून गेली. पुढच्या पाठाला तिनं हातात घड्याळ बांधलं होतं आणि एकाही चुकीच्या उत्तरापाशी ती थांबली नाही. तिला त्या खेपेला ३९ मिळाले.

त्या ३१, ४२ आणि ३९ या आकड्यांनी मला बरीच वर्षं स्वस्थ बसू दिलेलं नाही. शिक्षक घडवण्याच्या अभ्यासक्रमात निष्पत्ती (शिकून झाल्यावर काय यायला हवं ते), क्षमता, मानकं हे शब्द आले की मला हे तीन आकडे आठवतात.

तरी एक गोष्ट आधीच सांगते. निकष टाकून द्या, सगळं अनुभवी माणसाच्या नजरेवर सोडा, असं मला मुळीच वाटत नाही. मी स्वतः शिकत होते तेव्हाचे पाठ मला आठवतात. निरीक्षक यायचे, मागे बसायचे, कधी दहा मिनिटांत उठून जायचे. वहीत एक ओळ यायची: 'ठीक. अजून सुधारणा हवी.' कशात सुधारणा? कुणाला विचारायची सोय नव्हती. एका निरीक्षकांना मुलांचा आवाज अजिबात चालत नसे, दुसऱ्यांना शांत वर्ग मेल्यासारखा वाटे. आज कोण येणार हे कळलं की आम्ही त्याप्रमाणे पाठ बदलायचो. आमच्यातली एक मैत्रीण बोलायला बुजरी होती, पण मुलांच्या वह्या अशा तपासायची की एकेका चुकीशेजारी तिची बारीक पेन्सिलीची खूण असायची. तिला वर्षभर 'आत्मविश्वास कमी' एवढंच ऐकावं लागलं. तिच्या हातात जे होतं त्याला नावच नव्हतं, म्हणून ते कुणाला दिसलं नाही. क्षमतेला नाव देणं, ती लिहून काढणं, सगळ्यांना आधीच सांगणं की आम्ही हे पाहणार आहोत, हा न्यायाचा भाग आहे. जिची ओळख नाही, जी बोलण्यात चटपटीत नाही, तिला लिहिलेल्या निकषाचाच आधार असतो.

म्हणून माझं भांडण निकष असण्याशी नाही. निकषात आपण काय लिहिलं, त्याच्याशी आहे.

हा सगळा विचार सुरू झाला तो एका साध्या, सरळ प्रश्नापासून. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९मध्ये विचारलं होतं: शाळेनं कोणती उद्दिष्टं गाठायची, त्यासाठी कोणते अनुभव द्यायचे, ते कसे रचायचे आणि उद्दिष्टं गाठली की नाही हे कसं ओळखायचं? चार प्रश्न. आजही कुठल्याही अभ्यासक्रमाला हे चार प्रश्न विचारले तर त्याचं बरं-वाईट कळतं. १९५६मध्ये बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोधात्मक, म्हणजे जाणण्या-समजण्याच्या, उद्दिष्टांची उतरंड मांडली. ज्ञान, आकलन, उपयोजन आणि त्यावरच्या तीन पायऱ्या आम्हाला घोकून पाठ होत्या. १९६२मध्ये रॉबर्ट मेगर यांनी उद्दिष्ट कसं लिहावं ते सांगितलं: शिकणारा काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत, आणि किती चांगलं केलं म्हणजे पुरे.

मेगर यांच्या या मांडणीतून क्रियापदांच्या याद्या आल्या. टाचण लिहायला बसलेल्या प्रत्येकाला ही यादी माहीत आहे. 'आठवतो, ओळखतो, सांगतो, वर्गीकरण करतो, फरक स्पष्ट करतो, पडताळून पाहतो.' उद्दिष्टाखाली स्पष्टीकरण लिहायचं ते यातलंच क्रियापद वापरून. 'समजतो' लिहिलं की लाल रेघ. समजणं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते लिहायचं नाही. मीसुद्धा शेकडो टाचणांवर ती लाल रेघ मारली आहे. कारण पटण्यासारखंच आहे. जे दिसत नाही ते तपासणार कसं? पण हळूहळू झालं असं की 'समजतो' हा शब्द वहीतून गेला तसा आमच्या बोलण्यातूनही गेला. पाठ संपल्यावर आम्ही विचारायला लागलो, 'किती स्पष्टीकरणं साध्य झाली?' त्या मुलाला अपूर्णांक कळला का, हा प्रश्न विचारायला आमच्याकडे शब्दच उरला नाही.

शिक्षकांच्या प्रशिक्षणात हीच रीत आणखी बारीक झाली. १९६३च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्म अध्यापन सुरू केलं. पाच-दहा मिनिटांचा पाठ, मोजकी मुलं, एका वेळी एकच कौशल्य, काय जमलं, काय नाही हे लगेच सांगणं (प्रत्याभरण) आणि पुन्हा अध्यापन. त्यातलं 'पुन्हा' मला फार मोलाचं वाटतं. चुकलं तर त्याच कौशल्याचा पाठ परत घ्यायची मुभा त्या आधी कुठे होती? मग १९६०च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेत सरकारी पैशातून शिक्षक-प्रशिक्षणाचे क्षमताधिष्ठित आराखडे तयार झाले. चांगला शिक्षक काय काय करतो, ते सुटं सुटं करून लिहायचं, असा तो विचार. याद्या शेकड्यांनी वाढल्या, एखादी हजाराच्याही पुढे गेली. मी असल्या याद्यांचे नमुने वाचले तेव्हा मनात आलं, यातली प्रत्येक ओळ खरी आहे आणि तरी सगळ्या ओळी एकत्र केल्या तर त्यांतून माणूस उभा राहत नाही.

हे त्या काळातही काहींनी ओळखलं होतं. चित्रकलेचे शिक्षक असलेल्या इलियट आयस्नर यांनी अभिव्यक्तीची उद्दिष्टं अशी कल्पना मांडली: काही प्रसंगांत विद्यार्थी कशातून जाणार एवढंच आधी सांगता येतं, तो तिथून काय घेऊन बाहेर येईल ते सांगता येत नाही. इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस तर म्हणत होते की शिक्षण खरोखर घडलं तर त्याचा परिणाम आधी सांगताच येऊ नये. मला ते पूर्ण पटत नाही. मुलाला वजाबाकी यावी हे मी आधीच सांगू शकते, आणि सांगायलाच हवं. पण 'मग एक दशांश तर केवढासा असेल?' हा प्रश्न कुणाच्या टाचणात नव्हता, आणि त्या तासातलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच होतं.

आता वेळेबद्दल. हे मला मनापासून सांगायचं आहे, कारण इथे मूळ विचाराची फारच हेळसांड झाली आहे.

निष्पत्ती-आधारित शिक्षणाचं नाव ज्यांच्याशी जोडलं जातं त्या विल्यम स्पेडी यांच्या मांडणीत चार तत्त्वं आहेत. कुठे पोचायचं ते स्पष्ट असावं. तिथून मागे येत अभ्यासक्रम रचावा. सगळ्यांकडून उंच अपेक्षा ठेवाव्यात. आणि चौथं, प्रत्येकाला पुरेशा संधी मिळाव्यात. या चौथ्या तत्त्वाच्या मागे जॉन कॅरोल यांनी १९६३मध्ये मांडलेला आणि ब्लूम यांनी प्रभुत्व अध्ययनात पुढे नेलेला विचार आहे. नेहमीच्या पद्धतीत वेळ सगळ्यांना सारखा असतो आणि शिकणं कमी-जास्त होतं. उलट करा. शिकणं सगळ्यांचं पक्कं ठरवा आणि वेळ ज्याला जेवढा लागेल तेवढा द्या.

आम्ही काय घेतलं? पहिलं तत्त्व घेतलं, दुसरं घेतलं, तिसरं भाषणांत घेतलं. चौथं वेळापत्रकात बसलं नाही. सराव पाठ ठरलेल्या संख्येचे, ठरलेल्या आठवड्यांत, गुण ठरलेल्या तारखेला. क्षमता यायला कुणाला सहा पाठ लागतील, कुणाला सोळा, पण सगळ्यांचा हिशेब एकाच दिवशी बंद होतो. ज्या अभ्यासक्रमात वेळ हलत नाही, त्यात फक्त पानाच्या वरचा शब्द बदललेला असतो. आधी 'उद्दिष्टे' होतं, आता 'अध्ययन निष्पत्ती' आहे.

मग उरतात तक्ते. एकेका विषयाच्या प्रत्येक निष्पत्तीसमोर कार्यक्रमाच्या, म्हणजे सबंध पदवीच्या, निष्पत्त्या मांडायच्या आणि चौकटीत १, २ किंवा ३ भरायचं. थोडा संबंध, मध्यम संबंध, दाट संबंध. मग सरासरी काढायची. असले तक्ते मी रात्री उशिरापर्यंत बसून भरले आहेत. एकदा माझ्या विषयाची साध्यता २.४ आली. मी त्या आकड्याकडे पाहत बसले. त्यात पट्टी दुमडणारी ती छात्राध्यापिका कुठे होती? रेघा मारत बसलेली मुलगी कुठे होती? मला वाटतं, प्रत्येक तक्ता भरणाऱ्यानं निदान एक चेहरा समोर ठेवून आकडा लिहावा.

जॉन बिग्ज यांनी १९९६मध्ये मांडलेला सुसंगतीचा विचार मला या सगळ्यात सर्वांत उपयोगी वाटतो. निष्पत्तीमध्ये जे क्रियापद आहे, तेच शिकवताना विद्यार्थ्याकडून करून घ्या आणि परीक्षेतही तेच करायला लावा. छात्राध्यापकानं 'मुलांच्या चुकांचा अर्थ लावावा' अशी निष्पत्ती लिहायची, वर्गात 'चुकांचे प्रकार' यावर व्याख्यान द्यायचं आणि परीक्षेत 'चुकांचे पाच प्रकार लिहा' असा प्रश्न घालायचा, यात तीन ठिकाणी तीन वेगळी कामं आहेत. बिग्ज यांच्या विचारानं पाहिलं की ही फट लगेच डोळ्यांत भरते.

देशोदेशींची मानकं काढून वाचली तर त्यांत वाईट असं काही सापडत नाही. ऑस्ट्रेलियात २०११मध्ये शिक्षकांची व्यावसायिक मानकं आली. सात मानकं, त्यांखाली ३७ मुद्दे, आणि प्रत्येक मुद्दा चार टप्प्यांवर लिहिलेला, नव्या पदवीधरापासून नेतृत्व करणाऱ्या शिक्षकापर्यंत. हे टप्पे मला आवडतात. पहिल्या वर्षाच्या शिक्षिकेकडून वीस वर्षांच्या अनुभवाची मागणी त्यात नाही. पुढे अजून तीन टप्पे शिकायचे आहेत, हे तिला पहिल्याच दिवशी दिसतं.

पण नुसती चांगली भाषा पुरत नाही, हे दक्षिण आफ्रिकेनं फार मोठी किंमत देऊन पाहिलं. वर्णभेदाची राजवट संपल्यावर त्या देशाला जुना, अपमान करणारा अभ्यासक्रम टाकून द्यायचा होता. १९९७मध्ये निष्पत्तींवर उभा असलेला नवा अभ्यासक्रम जाहीर झाला आणि पुढच्या वर्षी पहिलीपासून लागू झाला. त्यामागचा हेतू वाचताना आजही मन भरून येतं. प्रत्येक मूल शिकू शकतं, असं ज्या देशात कायद्यानं नाकारलं होतं तिथे ते आता धोरण झालं होतं. पण २०००मध्ये पुनरावलोकन समितीनं पाहिलं तेव्हा शिक्षक नव्या परिभाषेत अडकले होते, त्यांचं प्रशिक्षण घाईत आणि वरवरचं झालं होतं, साहित्य पुरेसं नव्हतं. ज्या शाळांकडे आधीपासून सगळं होतं त्यांनी ते निभावलं. ज्या मुलांसाठी हे आणलं, त्यांच्या शाळा मागे राहिल्या. २०१०मध्ये तिथल्या सरकारनं ही पद्धत सोडत असल्याचं जाहीर केलं. निष्पत्ती मुलांची लिहिली आणि शिक्षकाला तयार करायला काही दिवस दिले, तर दुसरं काय होणार?

मोजण्याजोगं ते क्षुल्लक, असंही मात्र मी मानत नाही. १९७०च्या दशकात मेरी बड रो यांनी वर्गातल्या ध्वनिफिती ऐकून एक साधी गोष्ट मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतो? सरासरी एक सेकंद, फार तर थोडं अधिक. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर तो प्रश्न पुन्हा विचारतो, दुसऱ्याला विचारतो किंवा स्वतःच सांगतो. शिक्षकांना तीन सेकंद थांबायला शिकवलं तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं आणि जी मुलं एरवी बोलत नसत ती बोलू लागली. हे वाचल्यावर मी माझ्याच व्याख्यानाची फीत ऐकली. मी एक सेकंदही थांबत नव्हते. तेव्हापासून मनात 'एक, दोन, तीन' म्हणते. सेकंदात मोजता येणारी ही क्षमता आहे, आणि तिच्यात दुसऱ्याच्या विचाराला जागा देण्याचं मोठं मन आहे. आकडा बारीक असला म्हणून बिघडत नाही. तो मुलाच्या डोक्यात काय चाललंय याच्या किती जवळ जातो, एवढंच मी आता पाहते.

ली शुलमन यांनी १९८६मध्ये शिक्षकाच्या ज्ञानाचा जो प्रकार दाखवून दिला, तो नेमका याच जागी आहे. विषय येणं एक, शिकवण्याच्या रीती येणं दुसरं. त्या दोन्हींच्या मधे तिसरं ज्ञान असतं: हा विषय शिकताना मूल कुठे अडखळतं, का अडखळतं, आणि त्या जागी कोणतं उदाहरण, कोणती पट्टी, कोणता प्रश्न कामाला येतो. गणितज्ञाला याची गरज पडत नाही. शिक्षकाला याच्यावाचून पाऊल टाकता येत नाही. माझ्या पडताळा सूचीत याच ज्ञानाला रकाना नव्हता.

तो कसा काढायचा, ते मला एका जुन्या कामानं शिकवलं. १९७८मध्ये जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलं वाटेल तसं चुकत नाहीत. त्यांच्याकडे एक नियम असतो, तो चुकीचा असतो आणि ती तो इमानेइतबारे पाळतात. या दोघांनी संगणकाला एखादा असा चुकीचा नियम देऊन 'विद्यार्थी' बनवलं आणि होऊ घातलेल्या शिक्षकांना त्याच्यासमोर बसवलं. शिक्षकानं उदाहरणं घालायची, संगणकानं चुकीची उत्तरं द्यायची. आपल्याला चूक कळली असं शिक्षकाला वाटलं की परीक्षा त्याची: आता नवी उदाहरणं घे आणि हा 'विद्यार्थी' काय उत्तर लिहील ते तू सांग.

हे वाचताना मी खुर्चीत सरळ झाले. इतकी वर्षं आम्ही क्रियापद शोधत होतो. 'मुलांच्या चुका समजतो' लिहिता येत नव्हतं, 'चुकांचे प्रकार सांगतो' पोकळ होतं. इथे लिहिलेलं होतं: मुलाचं पुढचं चुकीचं उत्तर आधी सांगतो. ते दिसतं, तपासता येतं, त्यात नशिबानं जुळण्याची शक्यता फार कमी असते, आणि मुलाच्या आत डोकावल्याशिवाय ते जमत नाही.

गेली काही वर्षं मी छात्रसेवाकालात, म्हणजे छात्राध्यापक शाळेत राहून काम करतात त्या काळात, हे करून घेते. प्रत्येकानं एक मूल निवडायचं, त्याच्या वहीतली चुकलेली उदाहरणं उतरवायची, त्यामागचा नियम आपल्या शब्दांत लिहायचा. मग एक नवं उदाहरण तयार करायचं, मूल काय लिहील ते चिठ्ठीवर लिहून घडी घालून माझ्याकडे द्यायचं आणि त्यानंतरच ते उदाहरण मुलाला द्यायचं. चिठ्ठी जुळली नाही म्हणून गुण जात नाहीत. का जुळली नाही, यावर बोलणं होतं. तक्त्यात यासाठी मी एकच रकाना जोडून घेतला आणि त्यासाठी 'फळ्याचा वापर' आणि 'समारोप' यांचे गुण कमी करायला सहकाऱ्यांची संमती मिळवली. त्याला दोन वर्षं लागली. एक सहकारी म्हणाले, सुबक समारोपाशिवाय पाठ अपुरा वाटतो. त्यांचं म्हणणं खोटं नाही. आम्ही ते अजूनही बोलतो आहोत.

यंदा एका छात्राध्यापिकेनं तिसरीतला एक मुलगा निवडला. त्याच्या वहीत ५२ − २७ = ३५ होतं. खाली ६३ − २८ = ४५. तिनं लिहिलं: 'हातचा घेण्याऐवजी तो प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढतो. वर कोणता, खाली कोणता हे पाहत नाही. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन.' नीट पाहिलेलं होतं. तिनं नवं उदाहरण काढलं, ७० − २३, आणि चिठ्ठीवर ५३ लिहून माझ्या हातात दिली.

मुलगा व्हरांड्यात आमच्या दोघींच्या मधे बसला. पेन्सिल तोंडात धरून त्यानं शून्याकडे पाहिलं. मग सावकाश लिहिलं: ५०.

मी चिठ्ठी उघडून तिच्यासमोर ठेवली. ती काही बोलली नाही. एक, दोन, तीन. मग तिनं मुलाला विचारलं, "इथे शून्य कसं आलं रे?"

"शून्यात काही नसतंच ना. मग काढणार कुठून? शून्यच राहतं."

"आणि या बावन्नात?"

"तिथे दोन आहेत की."

तो उड्या मारत वर्गात गेला. ती चिठ्ठीवरच्या ५३कडे आणि वहीतल्या ५०कडे आळीपाळीनं बघत होती. "मॅडम, म्हणजे त्याच्याकडे दोन नियम आहेत. शून्य आलं की दुसरा लागतो. मी शून्याचं एकही उदाहरण आधी पाहिलं नव्हतं." मग घाईघाईनं म्हणाली, "खालच्या अंकात शून्य असेल तर काय करत असेल? आठ-दहा उदाहरणं रात्री काढते. उद्या परत येऊ का त्याच्याकडे?"

वेळापत्रकात दुसऱ्या दिवशी त्या वर्गावर दुसऱ्याच कुणाचा पाठ होता, आणि तिचा वजाबाकीचा घटक आजच संपायचा होता. मी पिशवीतून वेळापत्रक काढलं, तिच्या नावापुढची तारीख खोडली आणि पुढच्या आठवड्यातले तीन दिवस लिहिले.

"तीन पुरतील?" मी विचारलं.

"बघू," ती म्हणाली. तिनं वहीत पहिलं उदाहरण मांडलंसुद्धा होतं: ८५ − ३०.